तीस वर्षांनंतरची नोकरी

"काबाहेंडा!" बाप ओरडला आणि नाचणी घोटणारा आईचा हात थांबला. न्योरो जमातीच्या घरात माणसाला मायेच्या, मानाच्या वेगळ्या नावाने हाक मारतात. या पोरीला जन्मापासून सगळे अब्वोली म्हणत. नुसतं काबाहेंडा म्हटलं, म्हणजे बापाचा पारा चढला हे समजायचं.

टेबलावर दोन पत्रं होती. इंजिनिअर झालेल्या काबाहेंडाला पुढच्या शिक्षणासाठी दोन ठिकाणी प्रवेश मिळाला होता. राजधानीतल्या विद्यापीठात तेल काढायला शिकवत. पार दक्षिणेकडच्या एका देशातल्या दुसऱ्या विद्यापीठात आटलेल्या तेलविहिरी बुजवून जमीन पुन्हा पिकती करायला शिकवत. संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता. तिने दुसऱ्या पत्रावर सही करून टाकली होती.

"इथे अजून थेंबभर तेल निघालं नाही, आणि ही बया विहिरी बुजवायला निघाली!" तिचा बाप तिबाम्वेंडा कडाडला. "अगं, तेल येतंच आहे."

"बारा वर्षं येतंच आहे," थोरला भाऊ मुगिसा दारातून म्हणाला. त्याच्याकडे तेलाचीच पदवी होती. ती घेऊन तो होइमा शहराच्या नाक्यावर भाड्याची मोटारसायकल चालवायचा. "सकाळपासून तीन सवाऱ्या मारल्या, बाबा. त्यातला एक तर माझाच जुना मास्तर."

आई तोंड फिरवून हसली. बापाला हसू आलं नाही. त्याचं शेत तेलासाठी कुंपणाआड गेलं होतं. त्याच्या बापाची कबरसुद्धा तिथून उकरून घरामागे आणली आणि वर सिमेंट ओतलं होतं. एवढं दिल्यावर निदान एका लेकराचं तरी त्या तेलावर भलं व्हावं, इतकीच त्याची आशा. मुगिसाचं तर झालं नाही. आता ही एकटी उरली होती.

"आपली विहीर आटायला तीस वर्षं लागतील. तोवर काय करशील?"

"दक्षिणेत आटलेल्या पुष्कळ आहेत. त्या बुजवीन. हात बसेल."

"आणि मग चोपन्न वर्षांच्या बाईला नोकरी कुठे लागणार?"

ती उठली. पलंगाखालच्या पेटीतून तिने जमिनीचा करार काढला आणि शेवटच्या कलमावर बोट ठेवलं. तेल संपल्यावर जमीन पहिल्यासारखी करून वारसांना परत द्यायची, असं तिथे लिहिलं होतं.

"पहिल्यासारखी कोण करणार, बाबा? माझी नोकरी आपल्याच शेतात आहे."

बापाला ते कलम तोंडपाठ होतं. ते खरं होईल असं मात्र त्याला आजवर कधी वाटलं नव्हतं. तो खिडकीतून कुंपणापलीकडच्या आपल्या आंब्याकडे बघत राहिला. नाचणी गार होऊन गेली.

"अब्वोली," तो अखेर म्हणाला, "मी काही तीस वर्षं जगत नाही. मला इथे पुराल तेव्हा वर सिमेंट ओतू नका. परत शेतात न्यायला तुला जड जाईल."