पाहणीआधीची आवराआवर

भिंत पांढरीशुभ्र होती.

विमा कंपनीचा सर्व्हेअर मागच्या खोलीच्या मधोमध उभा राहून ती न्याहाळत होता. त्याच्या मागे सुनेच्या तोंडचं पाणी पळालं होतं. भूकंपात पडलेली भेग, छतापासून पार सासूबाईंच्या पलंगाच्या उशाशी उतरलेली, काल सकाळी सून कामावर जाताना तिथेच होती.

"भेग कुठली म्हणालात, ताई?"

"इथंच... हीच भिंत."

"अगं, ते आत्ता आलेत. आधी टेकू तरी दे त्यांना," चहाचे कप घेऊन आत येत सासूबाई म्हणाल्या. पलंगावरची चादर कडक इस्त्रीची होती. त्यांच्या नखांत मात्र पांढरं अडकलं होतं.

काल संध्याकाळपासून घरात रंगाचा वास येत होता. गल्लीत सगळेच डागडुजीला लागलेले, कुणाकडचा तरी असेल, असं सुनेला वाटलं. सासूबाई डोकं दुखतंय म्हणून दार लावून पडल्या होत्या.

"पडलेलं प्लास्टर, फुटक्या फरशा वगैरे?" सर्व्हेअरने विचारलं.

"सगळं कचऱ्याच्या गाडीत दिलं," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही यायचे आणि दारात ढीग, बरं दिसतं का?"

"फोटो?"

सुनेने मोबाइल पुढे केला. सर्व्हेअरने एकेक फोटो सरकवून पाहिला. प्रत्येकात सासूबाई होत्या, केस सारखे करून, हात जुळवून, बरोब्बर भेगेसमोर.

"फोटो काढते म्हणाली, म्हणून उभी राहिले," त्या म्हणाल्या.

सुनेने त्यांना स्वयंपाकघरात नेलं आणि आवाज दाबून म्हणाली, "आई, काय हे करून ठेवलंत?"

"काय केलं? चमच्याने भेगेत पुट्टी भरली, वरून रंगाचे दोन हात मारले. कंबरेचा काटा ढिला झाला माझ्या."

"तो भेग बघायलाच आलाय!"

"म्हणून काय घराची लक्तरं पसरून ठेवायची त्याच्यासमोर? फुटकं-तुटकं झाकायचं असतं. बाहेरचं माणूस आहे ते."

"मुलगी बघायला आलेत का, पावडर लावून उभी करायला? त्याला दिसलं तर पैसे मिळणार. नाही दिसलं तर ती भिंत आपण कशाच्या जिवावर बांधायची? त्या भिंतीखाली तुम्ही झोपता, आई."

"मी कधी कुरकुर केली?"

सुनेने कपाळाला हात लावला. भूकंपाचा वेगळा विमा घेताना याच बाईंनी आठवडाभर तोंड चालवलं होतं. लोक अभद्र बोलत नाहीत, आमची सून अभद्राचे हप्ते भरते, म्हणून. तेव्हा सुनेने ऐकून घेतलं होतं. आता बोलायची पाळी तिची होती, पण समोरची ती पांढरी नखं बघून ती खोलीकडे परत फिरली.

खोलीत सर्व्हेअर बोटाच्या पेरांनी भिंत ठोकून बघत होता. एका जागी आवाज बदलला. त्याने तिथे पुन्हा ठोकलं.

"पोकळ लागतंय," तो म्हणाला. "पण पोकळ लागतं असं लिहून पाठवलं, तर वरचे विचारणार, दिसलं काय? मला दिसलं तेवढंच लिहिता येतं, ताई. आणि आजची पाहणी झाली की मी परत येत नाही. रांगच एवढी आहे घरांची."

"मी खरवडते. आत्ता खरवडते. तुम्ही थांबाल ना?"

"चहा संपेपर्यंत थांबतो," तो म्हणाला, आणि भरलेला कप त्याने अजून थोडा गार व्हायला खिडकीत ठेवला.

सून सुरी आणायला वळली, तर दारात सासूबाई उभ्या होत्या. हातात लोखंडी उलथनं.

"तुला नाही जमायचं," त्या म्हणाल्या. "कुठून निघाली, कुठे वळली, कुठे बोटभर रुंद झाली, ते मला माहीत. मीच बुजवलीय. दोघं जरा बाहेर बसा. मी पसारा करून घेते."

दार लोटलं गेलं. बाहेरच्या खोलीत दोघं समोरासमोर बसली. आतून खरवडल्याचा आवाज येत राहिला, मधूनच काहीतरी जड पडल्याचा, मग एकदा खोकल्याचा. सून उठू लागली. सर्व्हेअरने मान हलवून तिला बसवलं. "करू दे त्यांना," तो हळूच म्हणाला.

"या," आतून हाक आली.

इस्त्रीच्या चादरीवर ढेकळं पडली होती. भेग छतापासून खाली उघडी होती, आणि उशाच्या वर ती इतकी फाकली होती, की पलीकडच्या गल्लीतलं ऊन तिच्यातून आत आलं होतं. त्याची एक पट्टी थेट उशीवर पडली होती. सुनेने हे कधी पाहिलं नव्हतं. तिने पाहिलेली भेग जेमतेम नखाएवढी रुंद होती; उशाजवळच्या भागासमोर नेहमी सासूबाईच असायच्या.

सर्व्हेअरने मोजपट्टी काढली, फोटो घेतले, लिहून घेतलं. टोपण लावून पेन खिशात टाकल्यावर म्हणाला, "तुमचं काम होईल, ताई. पण आजपासून या खोलीत कुणी पाऊल टाकायचं नाही." मग त्याने उशीकडे पाहिलं.

"आजी, काल रात्री इथेच झोपलात?"

सासूबाई कानशिलावरची पांढरी धूळ हाताच्या पाठीने पुसत होत्या.

"झोप कसली," त्या म्हणाल्या. "रात्रभर बघत होते, रंग वाळतोय का ते."