तळहात

स्वमग्न भूमिका बोलत नाही, मधूनच मोठ्याने किंचाळते. तिची आई मीनाबाई तिला घरीच चित्रांची कार्डं दाखवून शिकवते. ताटाचं कार्ड दिसलं की भूमिका जेवायला बसते, बादलीचं दिसलं की टॉवेल घेऊन न्हाणीकडे निघते.

उद्या थोरल्या हेतलला पाहायला पुन्हा पाहुणे येणार होते. या वेळी धाकटीनेही पुढे येऊन नमस्कार करावा, असं मीनाबाईच्या मनात होतं. तिने खाटेवर बसलेल्या माणसांचं नवं कार्ड काढलं आणि भूमिकासमोर धरलं.

"पाव्हना उनात, बेटा. आते काय करानं?" असं म्हणत तिने स्वतः हात जोडून दाखवले.

भूमिकाने कार्ड नीट पाहिलं. उठली, आपली उशी घेतली, कापूस भरलेल्या मागच्या खोलीत गेली आणि ढिगाआड अंग चोरून बसली. मग तिने स्वतःचाच तळहात तोंडावर गच्च दाबून धरला. डोळ्यांत पाणी आलं तरी काढला नाही.

दारातून पाहणारा तिचा बाप मगन हादरला. "हाई तिले कोनी शिकाडं?"

मीनाबाईने आपला उजवा हात पदराखाली लपवला.