जातानाचा नमस्कार

शिवानी संशोधनासाठी जर्मनीला निघाली. ओट्यावर बसलेल्या आनंदरावांनी लेकीला विचारलं, "तितं नक्की करनार काय गं?"

"आबा, पेशीतल्या प्रोटीनवर मिथाइलची बारीकशी खूण बसली, की नसेला वाढायचा निरोप कळतो. त्याचाच अभ्यास. साखरेनं बधिर झालेले तुमचे पाय त्यातनंच जागे होतील कधीतरी."

डोळे भरून आले, तसं आनंदरावांनी तोरण्याकडं तोंड फिरवलं. बराच वेळ तिकडंच बघत राहिले. एसटीचा हॉर्न वाजला. वळून बघतात तर लेक फाट्यावर पोचलेली.

"पाया न पडताच गेली," ते पुटपुटले.

शेजारच्या चंद्राबाई म्हणाल्या, "अवो, किती येळ पाय धरून बसली हुती पोर! तुमीच तिच्या डोक्यावर हात ठेवला न्हाई."