वाघाशेजारी आंघोळ

"कोनाचा इश्वास बसनार नाही, पन सांगतो," असं म्हणत रिटायर चंपत मास्तरांनी ओसरीवर जमलेल्या मंडळींपुढे सहलीची गोष्ट सुरू केली. कालच नवरा-बायको गाडी काढून पैनगंगेपलीकडच्या डोंगरात, गरम पाण्याच्या झऱ्यावर जाऊन आले होते.

"कुंडात पाहतो तं वाघ! गळ्यापर्यंत पान्यात, गुडघे शेकत बसलेला. म्या म्हनलं, सरक थोडा. सरकला बिचारा."

"सरकनारच," सुधाकरराव गंभीरपणे म्हणाले. "संधिवात कोनाले सोडते?"

आत चहा गाळताना चंद्रभागाबाईंचा पारा चढत होता. वाघ कसला, तिथं मांजरही नव्हतं! होता तो घाट. दरीकाठची वळणं, समोरून येणारे कापसाचे ट्रक, आणि शेजारी डोळे मिटून दारावरच्या हँडलला लटकलेले हे महाशय. साठीनंतर शिकलेली गाडी बाईंनी एकदाही बंद न पडू देता वर नेली होती. 'गावात गेलो की चारचौघांत सांगीन' असं याच माणसानं घाटात कबूल केलं होतं. आणि आता बाहेर वाघ त्याची पाठ चोळून देत होता!

बाईंनी चहाचा ट्रे असा आदळला की मास्तर दचकलेच.

"अन् बरं का," ते घाईनं म्हणाले, "जाता-येता गाडी हिनंच चालवली. पुऱ्या घाटात."

सुधाकररावांनी बशी खाली ठेवली.

"मास्तर, वाघापर्यंत ठीक होतं. आता मात्र तुमी फेकून राह्यले."