एकीवर लिहिलं की दुसरीवर

"आता प्रलय झाला तरी समाजातलं एक नाव पुसलं जाणार नाही!" तिरोड्याच्या वधू-वर मंडळाचा कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या धनेंद्रनं भरसभेत जाहीर केलं. लिनक्सच्या नव्या सर्व्हरमध्ये दोन डिस्क. एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप उमटतं. टाळ्या पडल्या.

तिसऱ्या आठवड्यात एका डिस्कनं मान टाकली. प्रलय वगैरे काही नव्हता, मंगळवार होता.

धनेंद्र नवी डिस्क बसवत होता, तेवढ्यात बोदलकशाहून दुर्गाप्रसादकाका धापा टाकत आले. त्यांच्या भूमेश्वरीचा बायोडाटा तीन वर्षांपासून मंडळात होता. दर रविवारी कुणी ना कुणी पाहुणे यायचे, फोटो पाहायचे, पोहे खाऊन जायचे. पोरगी पुण्यात नोकरीला. तिला सुट्टीच मिळत नसे. यादीतून नाव काढायचं तर लग्नपत्रिका जोडायची, ती मासिक सभेत वाचली जायची, असा मंडळाचा नियम.

"डिस्क गेली म्हणतात? पोरीचा बायोडाटा?"

"दुसरीवर आहे, काका. तिच्यावरून नवीवर उतरून राहिला."

"अन् मधातच ते दुसरीही गेली त?"

"त सगळंच गेलं."

काकांनी स्टूल ओढलं. "सीडीवर-गिडीवर ठेवला असशील?"

"कायले? दोन डिस्क आहेत ना!"

"अन् कागदाचे फॉर्म?"

"वाळवीनं खाल्ले."

काकांनी कपाळाचा घाम पुसला. धनेंद्रला गलबलून आलं. पोरीच्या लग्नापायी बापाचा जीव असा टांगणीला लागतो. त्यानं स्वतः उठून काकांसाठी चहा सांगितला.

पडद्यावर आकडा सरकत होता. चाळीस टक्के. सत्तर. लोडशेडिंगचे दिवस, ब्याण्णववर लाईन गेली. यूपीएस किंचाळायला लागला. काकांनी डोळे मिटले, हात जोडले. ओठ पुटपुटू लागले.

"भिऊ नका, काका. दहा मिनिटं टिकते."

काकांनी डोळे उघडले नाहीत.

नवव्या मिनिटाला शंभर टक्के झाले.

"वाचलं, काका! तुमच्या भूमेश्वरीचं नाव आता दोन-दोन जागी पक्कं!"

काका उठले, दार लोटून आले आणि आवाज खाली आणला.

"धनेंद्र, बाबू, दोन्ही एकदम बिघडतील असं काही करता येत नाही का गा? दिवाळीले जावई नातवाले घेऊन येऊन राहिला."