साखळी मोजली तेव्हा

कल्याणच्या मोजणी कचेरीत सगळ्यांचे केस पिकले होते. तरुण पोरं गिरण्यांत, बँकांत जात होती. मानपाड्याला दोन भाऊ एका बांधावरून बोलत नव्हते.

१९५३च्या भरतीला एकटा सहदेव आला. हरखलेल्या जुन्या मोजणीदार हरिहरअण्णांनी जमीन मोजायची स्वतःची साखळी त्याच्या हातात दिली.

"शंभर कड्या आहेत. मोज, मग शिकवतो."

"अण्णा, नव्याण्णव भरल्या."

"नीट मोज रे."

"तिसऱ्यांदा मोजल्या. मानपाड्याची आमची हद्द बेचाळीस साली तुम्हीच याच साखळीने घातलेली ना? काका म्हणतात, माझी जमीन कमी भरते. बाबा म्हणतात, सरकारी साखळी खोटं बोलत नाही."

अण्णा स्वतः मोजायला बसले. बोट नव्याण्णववर थांबलं.

१९३८ साली शहाडच्या खडकात साखळी तुटली होती, तेव्हा लोहाराने तुटकी कडी काढून टाकून साखळी पाव तासात जोडून दिली होती.