चौघांचा अर्ज

“थोरलीला यातून बाजूला काढा, की तुमचं काम झालंच म्हणून समजा,” मामा म्हणाला.

तो कुणाचाच मामा नव्हता. परक्या देशात कायमचं राहायची परवानगी मिळवून देणारा तो दलाल. आपल्याकडची सगळी माणसं त्याला मामा म्हणत. त्याने आजवर किती जणांना मामा बनवलं, ते मात्र कुणी बोलत नसे.

“बाजूला म्हणजे?” आईने विचारलं.

“म्हणजे अर्ज तिघांचा करायचा. मोठी जाईल तिकडे, आजीजवळ राहील. वहिनी, हे लोक प्रत्येकाची डॉक्टरी तपासणी करतात. खास शाळा, खास बाई, कानातली यंत्रं, सगळं धरतात. घरात एक खर्चिक पोर दिसलं की अख्ख्या कुटुंबाला नकार. एकीपायी तिघांचं नुकसान कशाला?”

हे तो थोरलीकडे बघून, गोड हसत बोलला. तिला ऐकू येत नाही एवढंच त्याला माहीत होतं.

थोरली खिडकीजवळच्या स्टुलावर बसली होती, सगळ्यांची तोंडं दिसतील अशी. कुठेही गेलं की ती आधी अशी जागा हेरायची. बारा वर्षांची पोर. कानात यंत्र होतं ते नावाला, खरं ऐकणं डोळ्यांनी. ओठ हलले की तिला शब्द कळत. आता तिचा हलता पाय थांबला होता. शेजारी धाकटा फिरत्या खुर्चीवर गरगर फिरत होता, त्याला कशाचाच पत्ता नव्हता.

“मग नंतर तिला आणता येईल?” आईने विचारलं.

“नंतरचं नंतर बघू.”

“नंतरचं आत्ता सांगा. अर्जातून वगळलेल्या पोराला पुढे बोलावता येतं का? हो की नाही?”

मामाने कपातला चहा ढवळला. साखर केव्हाच विरघळली होती. “नाही म्हणजे... अवघडच असतं.”

आता हे उसळणार, असं आईला वाटलं. शेजारी बसलेला नवरा वेल्डर. हातमोजे फाटले तरी बदलून दिले नाहीत, म्हणून गेल्याच आठवड्यात मुकादमाची कॉलर धरून आलेला माणूस. ती वाट बघत राहिली.

नवऱ्याने खुर्ची थोडी सरकवली. खिडकीकडे खांदा केला. मिशी पुसावी तसा हात तोंडावर नेला आणि हाताआडून म्हणाला, “करा तसं. धाकट्याचं तरी भलं होईल. आईशी बोललोय मी.”

त्या शब्दांनी बायकोच्या कानांत दडे बसले. पण तळपायाची आग मस्तकात गेली ती त्या हाताने. आपण काय करतोय हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

“हात काढ,” ती म्हणाली.

लग्नाला चौदा वर्षं झाली होती. ‘अहो’शिवाय तिने त्याला कधी हाक मारली नव्हती.

“अगं, चारचौघांत—”

“हात काढ तोंडावरचा! तिकडे आईपर्यंत पोचलास आणि बायकोला पत्ता नाही. आणि आता पोरीपासून तोंड लपवतोस?”

“वहिनी, जरा शांतपणे घ्या,” मामा मध्ये पडला. “भावनेच्या भरात असले निर्णय—”

“तुम्ही एक शब्द बोलू नका. सात वर्षं या लोकांच्या इस्पितळातल्या चादरी धुतेय मी. रक्त, ओकाऱ्या, हगणं-मुतणं. कुणाचं आहे, बरा होणारा आहे की मरणारा, कधी विचारलं नाही. आणि माझी पोर यांना जड होते?”

धाकट्याची खुर्ची थांबली.

तिने टेबलावरचे चारही पासपोर्ट गोळा केले, पदराआड... नव्हताच पदर, जाड कोटाच्या खिशात कोंबले. “अर्ज जाईल तर चौघांचा जाईल. नकार आला तर चौघांना येऊ दे. आणि तुमच्या हातून तर नाहीच जायचा.”

“आणि परत जावं लागलं तर?” नवरा ओरडला. तोंडावरचा हात आता खाली आला होता. “तिथे काय ठेवलंय माझ्यासाठी? धाकट्याला तिकडचं अक्षर वाचता येत नाही. मी काय हौसेने बोलतोय? माझं काळीज काय दगडाचं आहे?”

त्याचा आवाज फाटला. तेवढ्यापुरती तिला त्याची कीव आली, आणि कीव आली म्हणून आणखीच संताप आला.

“नाही ना दगडाचं? मग मला ऐकवलंस ते तिला सांग. तिच्याकडे बघून सांग.”

मामाने फोन उचलून उगाच बघितला आणि पालथा ठेवला.

नवऱ्याने थोरलीकडे पाहिलं. लगेच त्याची मान खाली गेली. छातीशी हनुवटी टेकवून तो काहीतरी पुटपुटला. शेजारी उभ्या असलेल्या बायकोलाही ते ऐकू आलं नाही.

थोरली स्टुलावरून उठली. खुर्च्यांमधून वाट काढत बापापुढे आली, त्याच्या दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून खाली बसली. मग आपल्या जाड, मोठ्या आवाजात, जो किती मोठा आहे हे तिला कधीच कळायचं नाही, ती म्हणाली,

“बाबा, मान वर करा. मला दिसत नाहीये.”